चौऱ्याहत्तर किलो रेती

“वजन किती आहे जी आता?” रुपरावांनी विचारलं.

“तेवढंच,” बाबा म्हणाले. “चौऱ्याहत्तर.”

भिंतीशी जाड कापडाच्या चार गोण्या ओळीनं ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर निळ्या रंगात एक नाव आणि एक आकडा. तिसरीवर ‘बाबनराव, ७४’ असं लिहिलेलं होतं. रुपराव ती उचलायला वाकले आणि मध्येच थांबले. त्यांनी वळून बाबांकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, शर्टाच्या कॉलरकडे. वरचं बटण लावलेलं असूनही कॉलर आणि मान यांच्यात दोन बोटं सहज गेली असती. मी बाबांसोबत एकाच घरात राहते, आणि ते मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

“भाऊ, जरा तुम्हीच बसता काय?” रुपराव म्हणाले. “सीटची स्प्रिंग आवाज करून राहिली. मले ऐकाची आहे.”

सीटच्या स्प्रिंगला कसलाही आवाज नव्हता. बाबा गाडीत जाऊन बसले.

रुपराव पराते गाडीच्या फक्त पुढच्या चाकांचं आणि स्टिअरिंगचं काम करतात. इंजिनाला ते हात लावत नाहीत. कुणी आग्रह केलाच तर ‘ते माझं काम नाही जी’ एवढंच म्हणतात आणि दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगतात. एक्केचाळीस वर्षं त्यांनी जुन्या गाड्या सरळ चालवायला शिकवल्या, आणि स्वतः मात्र आजही सायकलनं फिरतात.

त्यांचं घर तांडापेठेत आहे. पुढची लांबट खोली म्हणजेच कारखाना. तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, आणि खाली पावड्या दाबत वर विणायचं. रुपराव लहानपणी त्या मागाशी तुटलेले धागे जोडायला बसत. माग बंद पडला तेव्हा ते एका गॅरेजमध्ये लागले, आणि पुढे स्वतःचं काम सुरू करायची वेळ आली तेव्हा त्यांनी खड्डा बुजवला नाही. लांबीला वाढवला, विटांनी बांधून घेतला, रस्त्याकडची भिंत पाडून शटर बसवलं. आता त्या खड्ड्यावर गाडी उभी राहते आणि रुपराव खाली उभे राहून वर हात करून काम करतात. त्यांच्या वडिलांचे पाय जिथे चालायचे तिथे त्यांचे पाय असतात.

चाकं सरळ आहेत की नाही हे ते दोऱ्यानं पाहतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर सुती दोरा ताणायचा आणि दोऱ्यापासून चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर पोलादी पट्टीनं मोजायचं. दोरा खळ दिलेला, मागावरचाच. नायलॉनचा ते वापरत नाहीत, कारण तो ताणला की लांब होतो. एक टोक लोखंडी घोडीला बांधलेलं असतं आणि दुसरं त्यांच्या पत्नीच्या, रुखमाबाईंच्या हातात. ताण पुरेसा झाला की नाही हे रुखमाबाई बोटानं दोरा छेडून ठरवतात. त्यांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय रुपराव पट्टी लावत नाहीत. दोघांचा मुलगा बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात आहे. तिथे धागा तुटला तर यंत्र आपोआप थांबतं, असं रुखमाबाईंनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडा अविश्वासही.

आणि गोण्या. मोजमाप करण्याआधी गाडीच्या मालकाच्या वजनाएवढी कन्हान नदीतली रेती ते चालकाच्या सीटवर ठेवतात. वीस वर्षांपूर्वी मी बाबांसोबत इथे पहिल्यांदा आले तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. मी भौतिकशास्त्र शिकवते. कारण विचारलं, तर रुपराव म्हणाले होते, “रिकामी गाडी सरळ करून काय फायदा, ताई? रिकामी गाडी कोन चालवते?”

घरी जाऊन मी हिशेब मांडला. चौऱ्याहत्तर किलोचा माणूस बसला की आमच्या फियाटचा पुढचा उजवा कोपरा साधारण एक सेंटीमीटर दबत होता आणि तेवढ्यानं चाकाचा कोन बदलत होता. थोडाच, पण बदलत होता. रुपरावांनी हे कुठे वाचलं नव्हतं. पुढच्या वर्षी तो प्रश्न मी परीक्षेत घातला. पंचेचाळीस मुलांपैकी सहा जणांना तो आला.

या खेपेला मात्र आम्ही नेहमीच्या वार्षिक कामासाठी आलो नव्हतो.

तीन आठवड्यांपूर्वी धरमपेठेत, आमच्या घरापासून दोन वळणांवर, बाबांची गाडी हळूहळू डावीकडे सरकत रस्त्याच्या कडेला गेली. कडेला एक फुलंवाली बसली होती. ती टोपली ओढून मागे झाली. तिची उभी केलेली सायकल पडली. कुणाला लागलं नाही. बाबांनी उतरून सायकल उचलून दिली, फुलं गोळा केली, आणि घरी येऊन मला स्वतःच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “गाडी ओढून राहिली वं. मी नाही.”

माझा भाऊ सुशील पुण्याला असतो. त्यानं फोनवर ऐकलं आणि गाडी विकून टाका म्हणाला. बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत, त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण बाबांच्या दृष्टीनं नोव्हेंबर तोंडावर आला होता. रामटेकजवळ आमची तीन एकर धानाची जमीन आहे, आता चुलतभाऊ कसतो. धान कापणीला आलं की बाबा स्वतः गाडी चालवत तिथे जातात, बांधावर उभे राहतात, लोंब्या हातावर चोळून पाहतात, जेवतात आणि परत येतात. पाटबंधारे खात्यात असताना आणि नंतरही, एकतीस वर्षं. आई गेली त्या वर्षीही गेले होते.

मी म्हटलं, दोष गाडीत आहे की तुमच्यात, हे कुणीतरी ठरवायला हवं. बाबा म्हणाले, रुपराव ठरवेल. तो गाडीत म्हणाला तर मी चालवणार. माझ्यात म्हणाला तर किल्ली तुझी. मी कबूल झाले. त्या माणसानं बाबांना एकतीस वर्षांत एकदाही नसलेलं काम सांगितलं नव्हतं, की झालेलं नसताना झालं म्हणून सांगितलं नव्हतं.

म्हणून गाडी तीन दिवस रुपरावांकडे होती.

पहिल्या दोन दिवसांत रुपरावांनी तीन दोष काढले. स्टिअरिंगचं चाक दोन इंच फिरलं तरी रस्त्यावरची चाकं हलत नव्हती. त्याच्या दांड्याच्या टोकाशी असलेली पेटी त्यांनी उघडून घट्ट केली. डाव्या पुढच्या चाकाचा किंगपिन, म्हणजे ज्या खिळ्यावर चाक वळतं तो, झिजला होता. आणि चाकांना जोडणाऱ्या दांड्यांचा एक आधार सैल होता. त्याचे बुश, म्हणजे आत बसणाऱ्या छोट्या नळ्या, बाजारात मिळणारे घालायला ते तयार नव्हते. लेथवर स्वतः उभं राहून पितळेचे करवून आणले, तेल जायला आत बारीक चर पाडून. ते मला हातात घेऊन पाहायला दिले. मी सवयीनं बोट आतून फिरवलं. कुठेही अडलं नाही.

आता दोऱ्याचं काम उरलं होतं, आणि बाबा सीटवर बसले होते.

रुपरावांनी पुढचा मडगार्ड दोनदा दाबून सोडला, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी येतात. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. खडूनं दारावर काहीतरी लिहिलं.

“झालं जी. या उतरून. आवाज नाही काही.”

बाबा उतरून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. रुखमाबाईंनी त्यांना चहा नेऊन दिला. मग आत येऊन त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता बाबांच्या गोणीचं तोंड सोडलं. गोणी सीटवर ठेवली. रुपरावांनी मडगार्ड दाबला, मोजलं. गाडी खडूच्या आकड्यापेक्षा जास्त खाली बसत होती. रुखमाबाईंनी लोट्यानं रेती बाहेर काढायला सुरुवात केली. एक लोटा म्हणजे साधारण एक किलो. तीन-चार लोटे झाले की रुपराव पुन्हा दाबत, पुन्हा मोजत, आणि नुसती मान हलवत. फक्त रेती घमेल्यात पडल्याचा आवाज.

मी मोजत होते. पंधरा.

मी तराजूंच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं आहे. मुलांना सांगत आले की डोळा फसवतो, मोजा. आणि घरात रोज समोर जेवणाऱ्या माणसाचे पंधरा किलो गेले होते, ते मी पाहिले नव्हते. त्यांनी पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं मला माहीत होतं. पट्टा सैल पडला असेल, असं मी धरून चालले होते.

रुखमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. लोटा खाली ठेवला.

“हे सगळ्यायले वजन विचारते,” त्या म्हणाल्या. “मले एक्केचाळीस वर्षांत एकडाव नाही विचारलं.”

“तुमचं दोऱ्यात समजते,” रुपराव पट्टी पुसत म्हणाले.

मला हसू आलं. त्या दोघांनी ते तेवढ्यासाठीच केलं होतं.

गोणी शिवली गेली, दोरा ताणला गेला, रुखमाबाई ‘हं’ म्हणाल्या, आणि पुढचा दीड तास रुपराव खाली-वर करत राहिले. पाव फेरा नट फिरवायचा, पुन्हा मोजायचं. शेवटी पट्टीवर पुढच्या आणि मागच्या कडेतला फरक दोन मिलिमीटर आला, जेवढा हवा तेवढाच. मी वाकून पाहिलं. मला अर्धा मिलिमीटरही चूक काढता आली नसती.

बाबा आत आले तेव्हा गोणीवरचा ७४ पुसलेला होता. त्या जागी ओल्या रंगात ५९. त्यांनी ते वाचलं. मला वाटलं, आता चिडतील.

“चूक माझी आहे, भाऊ,” रुपराव कपड्याला हात पुसत म्हणाले. “मागच्या वर्षी मी तुमाले विचारलंच नाही. जुनी गोणी उचलून ठेवून देली. गाडी तुमच्यासाठी नाही, दुसऱ्याच मानसासाठी सरळ केली मी.”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “काका, पंधरा किलोनं दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढ्यानं गाडी कडेला जात नाही.”

“माहीत आहे, ताई. थोडंच आहे. पण ते माझं आहे.”

ओल्या रंगाला बोट न लावता बाबांनी गोणीवरून हात फिरवला.

रविवारी सकाळी आम्ही उमरेड रोडवर गेलो. विहीरगावच्या पुढे एक सरळ, सपाट पट्टा आहे, आणि त्या वेळेला रहदारी नव्हती. रुपराव आपली परीक्षा तिथेच घेतात. आधी त्यांनी स्वतः चालवली. चाळीसच्या वेगानं आल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवले. विजेचे आठ खांब गेले. गाडी रस्त्याच्या पांढऱ्या रेषेला समांतर जात राहिली. मागे बसून मी रेषेकडे पाहत होते. पन्नास वर्षं जुनी गाडी, आणि ती कुणाच्याही मदतीशिवाय आपली वाट सोडत नव्हती. मी आयुष्यात पुष्कळ प्रयोग पाहिले. इतका शांत क्वचितच.

मग मी चालवली. हात सोडून सरळ, हात ठेवून सरळ. चाक आधीपेक्षा हलकं झालं होतं, आणि बोटभर वळवलं की गाडी लगेच ऐकत होती.

मग बाबा.

रुपराव त्यांच्या शेजारी बसले, मी मागे. बाबांनी गाडी सुरेख उचलली. दुसरा, तिसरा, चौथा गिअर. “पाह्यलं?” ते आरशातून मला म्हणाले. त्यांचा चेहरा तरुण झाला होता. मी पांढरी रेषा पाहत होते. ती हळूहळू गाडीपासून उजवीकडे सरकत होती. म्हणजे आम्ही डावीकडे जात होतो. बाबांच्या ते लक्षात आलं, त्यांनी चाक ओढून गाडी परत आणली. पुन्हा तेच.

“भाऊ, हात सोडा,” रुपराव म्हणाले.

बाबांनी हात सोडले. गाडी सरळ गेली. चार खांब, पाच, सहा.

“ठेवा.”

ती डावीकडे जाऊ लागली.

“सोडा.”

सरळ.

मला तोवर सगळं कळलं होतं. याहून स्वच्छ प्रयोग मांडता येत नाही. पण निष्कर्ष सांगायचा अधिकार माझा नव्हता, आम्ही तसं ठरवलं होतं. बाबांनी एका बाभळीखाली गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

रुपराव बाटली काढून पाणी प्यायले आणि त्यांनी ती बाबांपुढे धरली.

“भाऊ, चार दोष होते,” ते म्हणाले. “तीन गाडीचे, एक माझा. चारही काढले. आता जो राह्यला, तो गाडीत नाही.”

बाबा समोरच्या काचेतून पाहत होते. मग त्यांनी दोन्ही हात चाकावरून उचलून समोर धरले आणि पाहिले. डावा हात उजव्यापेक्षा खाली होता.

“डावा?”

“हो जी. गिअर टाकून झाला का तुम्ही तो चाकावर ठेवता. पण तो धरत नाही, नुसता टेकते. त्याच्या भारानं चाक फिरते.”

“कधीपासून?”

रुपरावांनी बाटलीचं झाकण लावलं. “मागच्या वर्षीबी टेकत होता. मले वाटलं, थकले असान. तवाच बोलाले पायजे होतं मी. बोललो नाही.” मग म्हणाले, “गोणीपेक्षा ती चूक मोठी झाली.”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी ते मान्य केलं. मी सांगितलं असतं तर वाद झाला असता, सुशीलनं सांगितलं असतं तर अपमान. या माणसानं आधी आपल्या वाटणीचं सगळं उचलून घेतलं होतं, दोन-तीन मिलिमीटरसुद्धा. मग उरलेलं बाबांच्या समोर ठेवलं होतं. ते ढकलून द्यायला जागाच नव्हती.

बाबांनी दार उघडलं. उतरले, गाडीच्या पुढून चालत आले. बॉनेटवर एकदा हात टेकला, उजवा. मी मागून उतरले. किल्ली गाडीतच होती. रुपराव लगबगीनं मागच्या सीटवर गेले आणि बाबा डावीकडे बसले.

“चालव,” ते मला म्हणाले. “गिअर हळू टाकशीन. तुले घाई असते.”

नंतर डॉक्टरांनी मानेत दबलेली एक नस दाखवली, आणि वाढलेली साखर. दोन्हींवर उपाय आहेत, पूर्ण नाहीत. हे सगळं पुढच्या आठवड्यातलं. त्या दिवशी आम्ही तिथून सरळ तांडापेठेत परत आलो, कारण रुपराव म्हणाले, काम झालं नाही अजून.

गाडी पुन्हा खड्ड्यावर घेतली.

“ताई, तुमचं वजन?”

“एकसष्ट किलो चारशे ग्रॅम,” मी म्हटलं. डॉक्टरांकडे वर्षातून दोनदा जाते, आकडा लक्षात असतो. रुखमाबाई हसल्या आणि लोट्याच्या तळाशी मूठभर रेती घेऊन म्हणाल्या, “घ्या, तुमचे चारशे ग्रॅम.” नवीन गोणी त्यांनी आदल्या दिवशीच शिवून ठेवली होती. मला ते दिसलं.

रुपरावांनी तिच्यावर निळ्या रंगात ‘धनश्रीताई’ असं लिहिलं. मग त्यांनी बाबांची गोणी हातात घेतली. मला वाटलं, आता ती रिकामी होईल. मालक गेला किंवा गाडी विकली की रेती ढिगात जाते, हे मी पूर्वी पाहिलं होतं. कधीकाळी या भिंतीशी अठरा गोण्या होत्या.

“रामटेकले कोन कोन जाता?” त्यांनी विचारलं.

“आम्ही दोघं,” मी म्हटलं.

“मग गाडी दोघांची सरळ करा लागते.”

माझी गोणी त्यांनी चालकाच्या सीटवर ठेवली आणि बाबांची शेजारी, डावीकडे. मडगार्ड दाबून सोडला. बाबा ओट्यावरून उठून आत आले, आणि दाराच्या चौकटीला टेकून पाहत उभे राहिले. रुपराव खड्ड्यात उतरले.

डावीकडची गोणी थोडी कलली होती. रुखमाबाईंनी आत वाकून दोन्ही हातांनी ती नीट सरळ बसवली, वरून एकदा थोपटली. मग बाहेर येऊन दोऱ्याचं टोक हातात घेतलं आणि बोटानं छेडलं.